दुःखाची आकारणी

मोटार अपघातात माणूस दगावला किंवा जायबंदी झाला, म्हणजे विमा कंपनीकडून नुकसानभरपाई मिळते, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की त्या रकमेत मनाच्या यातनेचा वाटा किती असतो आणि तो कोणी, कशाच्या आधारे ठरवला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. हा वाटा मुळात शून्य होता. भारतात या विषयाची कायदेशीर सुरुवात १८५५ च्या तेराव्या अधिनियमाने, म्हणजे फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्टने झाली. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे होत होती. मृताची पत्नी किंवा पती, आईबाप आणि मुले एवढ्यांच्याच वतीने त्याखाली दावा लावता येई, आणि न्यायालयांनी लावलेल्या अर्थाप्रमाणे त्यांना मिळे ती रक्कम केवळ आर्थिक नुकसानीची असे. मिळवता मुलगा गेला तर त्याच्या मिळकतीचा हिशेब होई. त्याच्या जाण्याने आईच्या मनाचे काय झाले, ही बाब त्या हिशेबात धरली जात नसे.

हा कायदा इंग्लंडमधील १८४६ च्या, लॉर्ड कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर बेतलेला होता, आणि तो मूळ कायदा ज्या नियमाला मुरड घालण्यासाठी करावा लागला तो नियम त्याहून कठोर होता. १८०८ साली इंग्लंडमध्ये एक प्रवासी घोडागाडी उलटली. तिच्यातील एका प्रवाशाला मुका मार लागला आणि त्याची पत्नी सुमारे महिनाभराने रुग्णालयात मरण पावली. लॉर्ड एलनबरो यांनी असा निर्णय दिला की माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात नुकसानीची बाब म्हणून मांडता येत नाही, आणि म्हणून पतीला स्वतःच्या माराचे व पत्नी जिवंत असेपर्यंत तिच्या सहवासाला मुकल्याचे पैसे मिळाले, तिच्या मृत्यूनंतरच्या आयुष्याचे मिळाले नाहीत. रेल्वे येईपर्यंत हा नियम फारसा कोणाला खुपला नाही. रेल्वेने मात्र एकाच वेळी अनेकांचे बळी जाऊ लागले, आणि माणसाला जखमी करण्यापेक्षा ठार करणे कंपनीला स्वस्त पडते ही विसंगती झाकता येईना, तेव्हा १८४६ चा कायदा आला.

त्या कायद्याच्या शब्दांत आर्थिक नुकसान एवढेच भरून द्यावे असे कोठेही म्हटलेले नव्हते. ती मर्यादा १८५२ साली एका रेल्वे कंपनीविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीशांनी घातली. एका विधवेने पतीच्या मृत्यूबद्दल दावा लावला होता आणि ज्यूरीने तिच्या मानसिक यातनेचा विचार करावा की नाही, हा प्रश्न होता. न्यायालयाने तो नकारार्थी सोडवताना जे कारण दिले ते पुढच्या दीडशे वर्षांच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे: विधवा आणि तिची बारा मुले यांच्या शोकाचे ज्यूरी एकेक करून मोजमाप घेऊ लागली तर भरपाई इतकी वाढेल की प्रतिवादी धुळीला मिळेल. शोक खरा नाही, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. देणाऱ्याच्या खिशाला तो झेपणार नाही, एवढेच म्हटले होते. याच बेटावरच्या स्कॉटलंडमध्ये मात्र शोकाबद्दल सांत्वन-रक्कम देण्याची रीत जुनी होती आणि तिने तेथील रेल्वे कंपन्या बुडाल्या नाहीत, हे इंग्लंडच्या न्यायाधीशांना ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे.

दुसरी शंका वैद्यकाच्या वाटेने आली. रेल्वे अपघातातून अंगावर ओरखडाही न उठता बाहेर पडलेले प्रवासी पुढे महिनोन्‌महिने झोप न लागणे, थरकाप, विस्मरण अशा तक्रारी सांगत. चार्ल्स डिकन्स १८६५ च्या स्टेपलहर्स्ट येथील अपघातातून असेच सुखरूप बचावले आणि उरलेल्या आयुष्यात आगगाडीचा प्रवास त्यांना धास्तीचा वाटत राहिला. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिकसन यांनी १८६६ साली अशा रुग्णांवर पुस्तक लिहून त्यांच्या तक्रारींचे मूळ पाठीच्या कण्याला बसलेल्या सूक्ष्म हादऱ्यात असल्याचे मत मांडले. या विकाराला लोक ‘रेल्वे स्पाइन’ म्हणजे रेल्वेचा कणा म्हणू लागले. एरिकसन यांना उत्तर दिले ते १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी. त्यांच्या मते कण्याला काही झालेले नसून हा सारा भीतीचा, मनाच्या धक्क्याचा परिणाम होता. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने पेज सत्याच्या अधिक जवळ होते, पण ते एका मोठ्या रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते, आणि ‘मनाचे’ म्हणजे ‘भरपाईच्या आशेने वाढणारे’ हा अर्थ त्यांच्या मतातून काढणे कंपन्यांच्या वकिलांना सोपे गेले. हाड मोडल्याचा पुरावा दाखवता येतो, मन मोडल्याचा येत नाही, आणि जे दाखवता येत नाही त्याचे सोंग आणता येते, हा संशय तेव्हापासून या विषयाला चिकटला तो आजतागायत सुटलेला नाही.

या संशयावर १८८८ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे भारतासह सर्व वसाहतींच्या अपिलांचा शेवटचा निवाडा करणाऱ्या लंडनच्या न्यायपीठाने, शिक्कामोर्तब केले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात रेल्वे फाटकाच्या राखणदाराने चुकीच्या वेळी फाटक उघडले. एका जोडप्याची बग्गी रुळांवर आली आणि गाडी तिला अगदी चाटून गेली. पत्नीला जबर मानसिक धक्का बसून गर्भपात झाला. प्रत्यक्ष आघात झालेला नसताना अशा धक्क्याची भरपाई मंजूर केली तर काल्पनिक दाव्यांना रान मोकळे मिळेल, असे म्हणून दावा फेटाळण्यात आला. पुढे इंग्लंडच्या न्यायालयांनीच हा नियम टप्प्याटप्प्याने मोडला: १९०१ मध्ये स्वतःच्या जिवाच्या भीतीने बसलेला धक्का मान्य झाला, १९२० च्या दशकात उतारावरून सुटलेल्या लॉरीमुळे मुलांच्या काळजीने आईला बसलेला धक्काही मान्य झाला. पण प्रत्येक टप्प्यावर नवे कुंपण घातले गेले. एडिंबरामध्ये ट्राममधून उतरणाऱ्या एका गरोदर मासेवालीने मोटारसायकल आणि मोटारीच्या टकरीचा आवाज ऐकला, नंतर रस्त्यावरचे रक्त पाहिले आणि पुढे तिला मृत मूल झाले. १९४२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तिचा दावा नाकारला, कारण मोटारसायकलस्वाराला तिची कल्पना येणे शक्य नव्हते. टकरीत अंगाला काहीही न लागलेल्या मोटारचालकाच्या केवळ मानसिक परिणामातून बळावलेल्या दुखण्याला भरपाई मिळू शकते, हे त्याच सभागृहाने मान्य करायला १९९५ साल उजाडावे लागले.

शोकाच्या आकारणीत खरा बदल घडवून आणला तो ठोक रकमेच्या कल्पनेने. १९४१ साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर मोटार अपघातात मरण पावलेल्या अडीच वर्षांच्या मुलाचा खटला आला. अकाली मृत्यूमुळे आयुष्य गमावल्याबद्दल मृताच्या संपदेला, म्हणजे त्याच्या मागे उरलेल्या मालमत्तेला आणि पर्यायाने वारसांना, काही रक्कम देण्याची सोय तेव्हा नुकतीच मान्य झाली होती, आणि खालच्या न्यायालयाने या मुलासाठी १,२०० पौंड ठरवले होते. लॉर्ड्सनी ते २०० वर आणले. सुखाचे मोल पैशात होत नाही, म्हणून रक्कम माफक आणि सर्वांना साधारण सारखी असावी, असा युक्तिवाद होता. जे मोजता येत नाही त्याला फार मोठी रक्कम देता येत नाही असे म्हणताना, फार लहान रक्कमही त्याच कारणाने देता येऊ नये, ही दुसरी बाजू लॉर्ड्सनी तपासली नाही. १९८२ मध्ये हा प्रकार रद्द होऊन त्याजागी वियोगाची ठरावीक भरपाई आली, प्रथम ३,५०० पौंड आणि २०२० पासून १५,१२०. ती मृताच्या जोडीदाराला किंवा अविवाहित अज्ञान मुलाच्या आईबापाला मिळते. आई किंवा बाप गमावलेल्या मुलाला तिच्यातून एक पेनीही मिळत नाही.

भारतात या सगळ्या कल्पना निकालांतून झिरपत आल्या, पण येथे त्यांची गाठ एका वेगळ्या यंत्रणेशी पडली. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने तृतीय पक्ष विमा, म्हणजे वाहनमालक आणि विमा कंपनी यांच्या पलीकडच्या, रस्त्यावरच्या माणसाला झालेल्या इजेची जोखीम उचलणारा विमा, सक्तीचा केला. अधिनियमातील विम्याविषयीचे हे प्रकरण प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून अमलात आले. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली, म्हणजे दिवाणी दाव्याचे भारी न्यायालयीन शुल्क आणि वर्षानुवर्षांची खटपट टाळून अर्जावर भरपाई ठरवणारे खास न्यायालय मिळाले, आणि त्याने ‘न्याय्य’ वाटेल ती रक्कम ठरवावी अशी मोघम पण व्यापक मुभा त्याला देण्यात आली. विमा कंपनीची जबाबदारी मात्र बांधलेली होती: मालवाहू वाहनाच्या बाबतीत १९६९ नंतर ती ५०,००० रुपये आणि १९८२ नंतर दीड लाख रुपये होती, त्यापुढची वसुली ट्रकमालकाकडून करायची, आणि ती कितपत होत असे हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. १९८८ च्या नव्या अधिनियमाने मृत्यू व शारीरिक इजेपुरती ही मर्यादा उठवली. तोवर सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्था चार सरकारी कंपन्यांत विलीन झालेल्या होत्या. म्हणजे १८५२ चे प्रतिवादी बुडेल हे कारण भारतात आता उरलेले नव्हते.

या न्यायाधिकरणांच्या मोकळीकीचा सर्वांत समजूतदार उपयोग १९८७ च्या एका निकालात दिसतो. गुजरात राज्य परिवहन महामंडळाच्या विरोधातील त्या प्रकरणात मृत मुलाच्या भावाने दावा लावला होता, आणि १८५५ च्या यादीत भाऊ बसत नसल्याने त्याला हाकलून द्यावे, असा महामंडळाचा आग्रह होता. भारतीय कुटुंबात भाऊ, बहिणी, पुतणे, कधी सांभाळलेली परकी मुलेही एका छपराखाली राहतात, तेव्हा इंग्रजी कुटुंबाच्या मापाने कापलेली यादी मोटार कायद्यावर लादता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. नात्यांची व्याप्ती अशी वाढली. नात्यांच्या तुटण्याची किंमत मात्र तेथेच राहिली.

१९९४ मध्ये कायद्याला दुसरे परिशिष्ट जोडले गेले, म्हणजे वय आणि उत्पन्न यांवरून भरपाई वाचून काढता यावी असा तक्ता. चूक कोणाची हे सिद्ध न करता या तक्त्याप्रमाणे पैसे मिळत, ही त्याची जमेची बाजू. मनाच्या यातनेसाठी त्यात दोन खाती होती. एक वेदना व यातनांचे: गंभीर इजेला ५,००० रुपये, किरकोळ इजेला १,०००. दुसरे ‘कन्सोर्शियम’चे, म्हणजे जोडीदाराचा सहवास, आधार आणि दांपत्यसुख गमावल्याचे: ५,००० रुपये, तेही दावेदार पती किंवा पत्नी असेल तरच. ही संकल्पना मुळात पतीचा पत्नीच्या सेवेवरील हक्क म्हणून इंग्लंडमध्ये वाढली होती. पत्नीला तसा हक्क नाही असे तेथील लॉर्ड्सनी १९५२ मध्येही बजावले होते, आणि अखेर १९८२ मध्ये पतीचाही तो काढून टाकण्यात आला होता. इंग्लंडने मोडीत काढलेले हे खाते भारताने बारा वर्षांनी दोघांनाही सारखे खुले करून आपल्या कायद्यात घातले, ही गोष्ट चांगलीच म्हणायची. राहणीमानाचा खर्च पाहून केंद्र सरकारने परिशिष्टातील आकडे वेळोवेळी बदलावेत असे त्याच कलमात लिहिलेले होते. मे २०१८ पर्यंत, म्हणजे जवळपास चोवीस वर्षे, एकही आकडा बदलला नाही.

न्यायालयांनी परिशिष्टाबाहेरच्या दाव्यांत आपापला दर लावला. मुंबईतील एका वकिलाच्या दाव्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मानसिक हानीची व्याप्ती स्पष्ट केली: शारीरिक व मानसिक धक्का, झालेल्या आणि पुढे होणाऱ्या वेदना, चालणे-बसणे-धावणे अशा साध्या सुखांना मुकणे, आयुष्य घटणे, आणि गैरसोय, निराशा, वैफल्य व मनावरचा ताण. खाती ठरली, आकडे ठरले नाहीत. एकाच जिल्ह्यातील दोन न्यायाधिकरणे सारख्या विधवांना वेगवेगळ्या रकमा देत, आणि विमा कंपन्या त्या फरकावर अपिले करीत. २००९ च्या सरला वर्मा निकालाने उत्पन्नाचा हिशेब शिस्तीत बसवला आणि सहवासहानीला १०,००० रुपये ठेवले. २०१३ मध्ये एका त्रिसदस्य पीठाने हीच रक्कम एकदम १ लाखावर नेली आणि अज्ञान मुलांना वेगळे १ लाख दिले. या ओढाताणीतून प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेले. ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने सहवासहानी ४०,००० रुपये, संपदेची हानी १५,००० आणि अंत्यसंस्कार १५,००० असे दर बांधून दिले व दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ सांगितली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या निकालाने सहवासहानी केवळ जोडीदाराची नसते, आईबाप गमावलेल्या मुलांची आणि मूल गमावलेल्या आईबापांचीही असते, असे मान्य केले. २०२० मध्ये ‘प्रेम व माया गमावणे’ हे वेगळे खाते त्यातच विलीन करण्यात आले. आई गेलेल्या मुलाला इंग्लंड जे देत नाही ते भारताने दिले, हे येथे नोंदवण्यासारखे आहे.

या बांधलेल्या दरावर सर्रास टीका होते की तो माणसामाणसांतला फरक पुसतो. ही टीका हिशेब मांडून पाहिली तर टिकत नाही. समजा, तीस वर्षांचे दोन स्वयंरोजगारी पुरुष अपघातात गेले. दोघांच्या मागे पत्नी, दोन मुले आणि आई. एकाचे उत्पन्न महिना ८,००० रुपये, दुसऱ्याचे ८०,०००. भावी वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे, मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचे, आणि वार्षिक रकमेला या वयासाठी ठरलेल्या १७ या गुणकाने गुणायचे. गुणक म्हणजे पुढील मिळकतीची वर्षे आजच्या एकरकमी किमतीत आणणारा आकडा. आयकर बाजूला ठेवला तर पहिल्या घराला १७,१३,६०० रुपये आणि दुसऱ्याला १,७१,३६,००० रुपये येतात. चौघांची सहवासहानी मात्र दोन्ही घरांत २०१७ च्या दराने १,६०,०००. संपूर्ण निवाड्यात बिगाऱ्याची विधवा आणि सुखवस्तू व्यावसायिकाची विधवा ज्या मोजक्या ओळींवर बरोबरीने उभ्या राहतात, त्यांतली ही एक आहे. तिच्या सारखेपणात अन्याय शोधण्याचे कारण नाही. अन्याय आहे तो तिच्या किरकोळपणात. तीन वर्षांनी १० टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ३.२ टक्के, आणि महागाई ४ टक्क्यांवर राखणे हेच रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्ट असल्याने, सारे सुरळीत चालले तरी या रकमेची खरेदीशक्ती दर वर्षी झिजत जाईल अशीच ती बेतलेली आहे.

जे वाचले त्यांची गत निराळी. त्यांना ठोक रक्कम नाही, पुरावा आणायचा आहे. २०१० च्या एका महत्त्वाच्या निकालाने न्यायाधिकरणांना अशी दिशा दिली की साध्या इजेच्या दाव्यात उपचारांचा खर्च, बुडालेली मिळकत आणि वेदना-यातना एवढीच खाती पाहावीत; सुखांना मुकणे, आयुष्य घटणे ही खाती गंभीर इजा आणि तिला पोषक असा नेमका वैद्यकीय पुरावा असेल तरच उघडावीत. वाटेल तशी अपंगत्वाची प्रमाणपत्रे देणाऱ्या डॉक्टरांबद्दलही त्या निकालाने कानउघाडणी केली, आणि ती अनाठायी नव्हती. पण या शिस्तीचा फायदा हाडांच्या रुग्णाला होतो. त्याच्याजवळ क्ष-किरण चित्र असते, जिल्हा रुग्णालयाचे टक्केवारीचे प्रमाणपत्र असते. रात्री ट्रकचे दिवे दिसताच अंगाला कापरे भरणाऱ्याजवळ यांपैकी काहीच नसते, आणि तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ सहसा नसल्याने ते मिळवायचे कोठून हाही प्रश्न असतो. इजा भीषण असेल तेथे न्यायालय हात आखडता घेत नाही: अपघातात मेंदूला मार लागून बौद्धिक वाढ कायमची खुंटलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीला २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकूण ६२ लाखांहून अधिक आणि त्यात वेदना व हरपलेल्या सुखांपोटी १५ लाख रुपये दिले. ज्यांची इजा डोळ्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी अशी उदारता निकालसंग्रहांत क्वचित सापडते.

इंग्लंडने सोंगाच्या संशयावर उतारा म्हणून मानेला बसलेल्या हिसक्यांसाठी ३१ मे २०२१ पासून दरपत्रकच लागू केले. २०२१ च्या त्या दरांत तीन महिन्यांत बरी होणारी मान २४० पौंडांची होती, आणि तिच्यासोबत मनालाही किरकोळ इजा झाली असेल तर २६० पौंडांची. तीन महिन्यांच्या धास्तीला वीस पौंड मिळत ते मानेच्या आधाराने. नुसत्या मनाला या दरपत्रकात ओळ नाही.

भारतात २०१९ च्या दुरुस्तीचा मोटार विम्याविषयीचा भाग १ एप्रिल २०२२ पासून अमलात आला. चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख रुपये, ही त्यातील एक तरतूद आहे. मात्र १९९४ मध्ये उठवलेली मुदतीची अट याच दुरुस्तीने परत आणली, आणि आता दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावावा लागतो. मनाचा आजार अनेकदा याहून उशिरा ओळखला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने आरोग्य विमा देणाऱ्या कंपन्यांवर शारीरिक आजाराइतकेच मानसिक आजाराला संरक्षण देण्याचे बंधन घातले, पण ते उपचारांच्या विम्यापुरते आहे. गाडी चालवणाऱ्या मालकासाठी मोटार पॉलिसीसोबत जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतला जातो, त्यातील भरपाईचा तक्ता मृत्यू, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गमावल्यास पूर्ण रक्कम, एक अवयव किंवा एक डोळा गमावल्यास निम्मी, आणि इतर इजांमुळे आलेले कायमचे संपूर्ण अपंगत्व, एवढ्या नोंदींवर थांबतो.